सोबतीने सुचलेली रहस्ये

लोणावळा लोकल तळेगाव सोडते, वडगाव आणि कान्हे मागे पडतात आणि कामशेत येते. सुटीच्या दिवशी डब्यातली बहुतेक गर्दी पुढे जाणारी असते. मळवलीला भाजे-लोहगडवाले उतरतात, उरलेले लोणावळ्याला. कामशेतला उतरतात ती नाणे मावळ आणि पवन मावळातल्या गावांकडे घरी निघालेली माणसे, बाजारहाट करायला आलेल्या बाया आणि पाठीवर भलेमोठे बोचके घेतलेले पॅराग्लायडिंगचे विद्यार्थी. गेली काही वर्षे त्यांच्यात आमचाही एक छोटा घोळका मिसळतो. त्यात गिरगावचा एक दुकानदार आहे, पिंपरीच्या एक परिचारिका आहेत, साताऱ्याचे एक वकील, रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका आणि मी. आम्ही सगळे रहस्यकथा लिहितो.

कामशेत ठरले ते सोयीने. मुंबईहून येणारा एक्स्प्रेसने लोणावळ्याला उतरतो आणि पुण्याकडे जाणारी लोकल धरून दोन स्टेशने पुढे येतो. सातारकर पुण्याला गाडी बदलतो. पण आता मला वाटते, ही जागा आम्हाला शोभूनही दिसते. मराठी रहस्यकथेची दोन मोठी ठाणी. एक मुंबईत, बाबूराव अर्नाळकरांचे. दुसरे पुण्यात, नारायण धारप आणि सुहास शिरवळकरांचे. या दोन ठाण्यांना जोडणारा रूळ मावळातून जातो. आपल्या रहस्यकथाकारांनी या वाटेवर कुठे तरी एकत्र बसून चहा प्यायला हवा होता असे मला मनापासून वाटते, कारण हा लेखनप्रकार एकट्याने कागदावर उतरतो, पण एकट्याला सहसा सुचत नाही.

या प्रकारच्या कथेला आत आणि बाहेर, दोन्हीकडे सोबती लागतो. आतला सोबती सगळ्यांच्या ओळखीचा आहे. अर्नाळकरांच्या धनंजयला छोटू होता. धारपांच्या समर्थांचे अद्भुत अनुभव आपल्यापर्यंत पोचले ते अप्पामुळे. होम्सला वॉटसन होता, आणि भालबा केळकरांच्या मराठीतून होम्स वाचलेल्या पिढीला तो वॉटसनही घरचाच वाटत आला. हा सोबती वाचकाच्या वतीने प्रश्न विचारतो. गुप्तहेर खिडकीपाशी का थांबला, राखेत काय बघतोय, असे तो विचारतो, म्हणून आपल्याला कळते. सोबती काढून टाकला तर हुशार माणूस मनातल्या मनात सगळे सोडवून मोकळा होईल आणि गोष्टच उरणार नाही.

बाहेरचा सोबती म्हणजे लेखकाचा मित्र. त्याच्याबद्दल कमी बोलले जाते. त्याचे सर्वांत ठळक उदाहरण कॉनन डॉयलचे आहे. डॉयलने १८९३ मध्ये होम्सला रायशनबाखच्या धबधब्यात ढकलून संपवले होते. पुढे १९०० साली बोअर युद्धावरून परतताना जहाजावर त्याची बर्ट्रम फ्लेचर रॉबिन्सन या तरुण पत्रकाराशी ओळख झाली. मार्च १९०१ मध्ये दोघे क्रोमर या समुद्रकाठच्या गावी गोल्फ खेळायला आणि विश्रांतीला गेले. तिथे गप्पांत रॉबिन्सनने एका भुताटकीच्या कुत्र्याची दंतकथा सांगितली. डॉयल पेटलाच. मग दोघे डार्टमूरच्या ओसाड माळरानावर जाऊन राहिले, दलदली पाहिल्या, तुरुंगाच्या परिसरात हिंडले. रॉबिन्सनच्या घरच्या गाडीवानाचे नाव हॅरी बास्करव्हिल होते. त्याच वर्षी ऑगस्टपासून ‘स्ट्रँड’ मासिकात ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ येऊ लागली आणि मेलेला होम्स वाचकांसमोर पुन्हा उभा राहिला. एक मित्र, एक सहल, एक ऐकीव गोष्ट आणि गाडीवानाचे आडनाव, इतके जमले म्हणून ती कादंबरी झाली. रॉबिन्सन मात्र १९०७ मध्ये, वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षी गेला.

इंग्लंडपर्यंत जायचेही कारण नाही. आपल्या पुण्यात एक फार मोठा रहस्यकथाकार अठरा वर्षे राहिला आणि मराठी वाचकांपैकी फारच थोड्यांना ते ठाऊक आहे. शरदिंदु बंद्योपाध्याय, ब्योमकेश बक्षीचे जनक. जन्म १८९९चा, उत्तर प्रदेशातल्या जौनपूरचा. १९३८ मध्ये बॉम्बे टॉकीजसाठी पटकथा लिहायला ते मुंबईला आले. त्याआधी, १९३०च्या दशकात, त्यांच्या ब्योमकेशच्या दहाएक कथा लिहून झाल्या होत्या आणि मग तो गुप्तहेर त्यांनी बाजूला ठेवून दिला होता. सुमारे पंधरा वर्षे ठेवला. १९५१ मध्ये वाचकांच्या आग्रहामुळे ‘चित्रचोर’ लिहून त्यांनी त्याला परत आणले, आणि १९५२ मध्ये सिनेमाचा धंदा सोडून ते पुण्यात स्थायिक झाले. ब्योमकेशच्या पूर्ण झालेल्या कथा ३२ आहेत. त्यांतल्या बहुतेक या दुसऱ्या टप्प्यातल्या, म्हणजे लेखक पुणेकर असतानाच्या. १९९३ मध्ये बासू चटर्जींच्या मालिकेत रजित कपूरला धोतर-कुर्त्यात पाहून आपण ज्याच्या प्रेमात पडलो, त्याच्या कोलकात्यातल्या गल्ल्यांचा बराचसा भाग पुण्याच्या हवेत बसून लिहिलेला आहे.

आमच्या बैठकीत शरदिंदूंचा विषय निघाला की तास-दीड तास जातो. त्यांनी महाराष्ट्राला फक्त घर मानले नाही, गोष्टीही दिल्या. शिवाजी महाराजांच्या काळातल्या सदाशिव नावाच्या मराठी पोराच्या साहसकथा त्यांनी बंगाली मुलांसाठी लिहिल्या. आणि ब्योमकेशला त्यांनी महाबळेश्वरला आणले. ‘शैलरहस्य’ ही कथा बैठकीत पहिल्यांदा सांगितली गेली तेव्हा परिचारिका ताईंनी हातातला वडापाव तसाच ठेवून दिला होता. ब्योमकेश ऐन थंडीत, हंगाम नसताना महाबळेश्वरच्या एका हॉटेलात उतरतो आणि तिथून कोलकात्याला आपल्या मित्राला, अजितला, पत्र लिहितो. हॉटेल जवळजवळ रिकामे. खोलीत रात्री काही तरी घडते, ज्याचा खुलासा त्याच्या तर्कबुद्धीलाही करता येत नाही. महाराष्ट्रातला धागा त्याच्या हातात आहे, दुसरे टोक कोलकात्यात. मग तिकडचा तपास तो अजितवर सोपवतो.

या कथेत मला सर्वांत मोलाचे वाटते ते हे पत्र. ब्योमकेशचा मित्र अजित हा स्वतः लेखक आहे. दोघांची ओळख कोलकात्यातल्या एका मेसमध्ये होते आणि पुढे ते एका घरात राहू लागतात. एरवी तपास ब्योमकेश करतो आणि अजित लिहितो. ‘शैलरहस्य’मध्ये त्या दोघांमध्ये हजार-दीड हजार मैलांचे अंतर पडते, आणि ते अंतर भरून काढायला प्रवासवर्णन कामाला येते. थंडी किती आहे, हॉटेलवाला कसा आहे, खिडकीतून दरी कशी दिसते, हे सगळे गुप्तहेर मित्राला सांगतो. सांगता सांगता पुरावा मांडला जातो. दूरच्या मित्राला लिहिताना आपण ज्या गोष्टी सहज नोंदवतो, त्या समोरासमोर बोलताना कधीच सांगत नाही. शरदिंदू हे स्वतः अनुभवत असणार, असे मला वाटते. त्यांचे लेखक मित्र, प्रकाशक, वाचक सगळे बंगालात होते आणि ते पुण्यात. शेवटच्या काळातल्या कथांत अजितकडचे निवेदनही त्यांनी काढून घेतले. तो पुस्तकांच्या धंद्यात गुंतलेला दाखवला. त्या कथा चांगल्या आहेत, पण अजितचा आवाज गेल्यावर घरातले एक माणूस गेल्यासारखे वाटते. १९७० मध्ये शरदिंदू गेले तेव्हा ‘बिशुपाल वध’ अर्धवट राहिली होती.

बंगालचा दुसरा मोठा गुप्तहेर तर मित्र आणि प्रवास यांच्याखेरीज उभाच राहत नाही. सत्यजित राय यांचा फेलूदा १९६५ मध्ये ‘संदेश’ मासिकात अवतरला तेव्हा सोबतीला फक्त चुलतभाऊ तोपशे होता. १९७१च्या ‘सोनार केल्ला’मध्ये राजस्थानला निघालेल्या या दोघांना आगगाडीच्या डब्यात एक गृहस्थ भेटतात. नाव लालमोहन गांगुली, टोपणनाव जटायू, धंदा खपाऊ रहस्यकादंबऱ्या लिहिण्याचा. उंट पाणी कुठे साठवतो हे त्यांनी पुस्तकात चुकीचे लिहिलेले असते आणि फेलूदा ते दुरुस्त करतो. तिथून ही मैत्री सुरू होते आणि राय जिवंत असेपर्यंत चालते. फेलूदा पुढे वेरूळला येतो, ‘कैलासे केलेंकारी’मध्ये. आणि १९७६च्या ‘बोंबाइयेर बोंबेटे’मध्ये जटायूंच्या कादंबरीवर हिंदी सिनेमा निघत असतो, म्हणून तिघे मुंबईला येतात. शेवटची झटापट होते ती मुंबई-पुणे वाटेवर, घाटमाथ्याच्या परिसरात, शूटिंगसाठी घेतलेल्या आगगाडीत. आपल्या लोकलच्या इतक्या जवळ! अशोक जैन यांच्या अनुवादामुळे हे सगळे मराठीत आले. फेलूदाच्या या मोठ्या कथांपैकी अनेक ‘देश’ साप्ताहिकाच्या शारदीय अंकात, म्हणजे दुर्गापूजेच्या वार्षिकात छापल्या गेल्या. तुम्ही आत्ता हातात धरलेल्या दिवाळी अंकाचेच ते बंगाली भावंड.

जटायूंकडे मी एक थोर आदर्श म्हणून पाहतो. आपली चूक दाखवणाऱ्याशी त्यांनी मैत्री केली. पुढची पुस्तके ते फेलूदाला दाखवून घेऊ लागले. रहस्यकथाकाराने याहून शहाणपणाचे काय करावे?

मावळात आम्हाला असे दुरुस्त करणारे पुष्कळ भेटले. परिचारिका ताईंनी एका कथेत आषाढातल्या रात्री खुनी प्रेत भाताच्या खाचरांतून ओढत नेतो असे लिहिले होते. कामशेतहून पवनानगरच्या वाटेवर करुंज-बेडसे आहे. तिथे लेण्यांच्या पायथ्याशी बसून त्या आम्हाला हे वाचून दाखवत होत्या. शेजारी बैल चारणारे एक मामा ऐकत बसले होते. त्यांना राहवले नाही.

‘‘ताई, आवणीच्या दिवसांत हे जमायचं न्हाई. रातीबी मानूस शेतावर असतंय. पानी किती चढलं, बांध फुटला का, बघाया जावं लागतं. आन् चिखलात पाय पडला तर बांधावर उमटतोच की.’’

‘‘मग कधी करायचं हो मामा?’’

मामांनी जरा विचार केला. ‘‘मार्गशीर्षात करा. झोडनी झालेली असती, पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या असत्यात. शेतात कोन फिरकत न्हाई.’’

कथा मार्गशीर्षात गेली आणि सुधारली. उडवीत लपवलेली वस्तू, ती कधी उघडी पडणार हा प्रश्न, जनावरांना पेंढा घालायची वेळ, असे सगळे एकातून एक निघत गेले. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून निघालेला इंद्रायणी तांदूळ आपण पुण्या-मुंबईत आवडीने खातो, पण त्या पिकाचे वेळापत्रक एका खुनाची तारीख ठरवू शकते हे मामांनी सांगेपर्यंत आमच्यापैकी कुणालाही सुचले नव्हते.

त्याच दिवशी वर लेण्यात गेलो. बेडशाचे चैत्यगृह इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपासचे मानतात. दर्शनी भागातले ते उंच खांब आणि त्यांच्या माथ्यावरची माणसे-जनावरे पाहून बोलणे थांबते. आतल्या खांबांवर आणि छतावर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रंगकामाच्या खुणा शिल्लक होत्या. १८६१च्या सुमारास स्थानिक अधिकाऱ्यांनी उत्साहाच्या भरात लेणे स्वच्छ करून चुना फासला आणि ती चित्रे गेली. वकीलसाहेब म्हणाले, पुरावा नष्ट होतो तो बहुतेक वेळा असाच, पाहुणे येणार म्हणून घर आवरताना. ही त्यांची कोर्टातली जुनी निरीक्षणे असतात आणि ती आम्ही न विचारता कथेत वापरतो. जवळच एका लहान स्तूपाशी ब्राह्मी लेख आहे. गोभूती नावाच्या अरण्यवासी, भिक्षेवर जगणाऱ्या भिक्षूचा तो स्तूप, त्याच्या शिष्याने करवून घेतलेला. दोन हजार वर्षांनी त्या माणसाबद्दल जे काही हाती उरले आहे ते एका सोबत्याने कोरून ठेवले म्हणून.

रेल्वेतल्या काकांचे योगदान वेगळे. त्यांच्याइतके वेळापत्रक कुणाच्या अंगात भिनलेले मी पाहिले नाही. कथेतला संशयित दुपारी कामशेतहून लोकल पकडून पुण्याला गेल्याचे सांगतो, असे कुणी लिहिले की काका कागद खाली ठेवतात. दुपारच्या वेळी या मार्गावर लोकलमध्ये मोठा खंड असतो. रुळांच्या देखभालीला तो वेळ लागतो. रोज जाणाऱ्या-येणाऱ्याला हे माहीत असते, परक्याला नसते. म्हणजे हे विधान करणारा माणूस रोजचा प्रवासी नाही, हे तिथेच सिद्ध झाले. काकांचे दैवत सेइचो मात्सुमोतो. त्यांची ‘बिंदू आणि रेषा’ ही कादंबरी १९५७ मध्ये जपानच्या ‘ताबी’, म्हणजे ‘प्रवास’ नावाच्या पर्यटन मासिकात क्रमशः आली. तोक्यो स्थानकावर गाड्यांची सतत ये-जा असते. तेरा नंबरच्या फलाटावरून पंधरा नंबरचा फलाट दिवसभरात फक्त चार मिनिटे मोकळा दिसतो. त्या चार मिनिटांत कुणी कुणाला पाहिले यावर सगळी गोष्ट उभी आहे. खुनाची गोष्ट पर्यटन मासिकात शोभली, कारण तिचा खरा नायक वेळापत्रक होते.

आता तपासाची साधने बदलली. द्रुतगती महामार्गावरून गेलात तर उर्से किंवा खालापूरच्या टोलनाक्यावर फास्टॅगची नोंद होते, मोबाईल कुठल्या मनोऱ्याच्या कक्षेत होता हे कळते. जुन्या हायवेने आलात तर गोष्ट वेगळी. आणि नाणे मावळात, आंदर मावळात डोंगराआड गेलात की फोनची रेंजच हरवते. शहरातल्या लेखकाला आज खुन्याला लपवायला जागा सापडत नाही अशी तक्रार मी पुष्कळ ऐकतो. त्यांनी नाणे, आंदर आणि पवन या तीन मावळांत चालून यावे. शिवाय वरून, पॅराग्लायडरला बांधलेला माणूस तुमच्याकडे बघत असेल, हेही ध्यानात ठेवावे.

या रुळांवर मात्र एक खरी गोष्ट घडून गेली आहे, आणि ती आम्ही कुणीही कथेत वापरलेली नाही. १२ नोव्हेंबर १९५६च्या रात्री पुण्याहून मुंबईला जाणाऱ्या पॅसेंजर गाडीत शुक्रवार पेठेतल्या लक्ष्मीबाई कर्वे नावाच्या विधवा बाई आणि डॉ. अनंत चिंतामण लागू बसले. ते त्यांच्याच घरात राहणारे डॉक्टर. गाडी रात्रभर चालून पहाटे व्हिक्टोरिया टर्मिनसला पोचली तेव्हा बाई बेशुद्ध होत्या. डॉक्टरने त्यांना जी. टी. रुग्णालयात नेले आणि लोक ज्या नावाने त्यांना ओळखत ते न सांगता दुसरेच नोंदवले. त्याच सकाळी त्या गेल्या. प्रेत घ्यायला कुणी आले नाही. इकडे पुण्यात मात्र नातेवाइकांना पत्रे येत राहिली: बाई तीर्थयात्रेला गेल्या आहेत, त्यांनी दूर देशी पुन्हा लग्न केले आहे, त्या सुखात आहेत. पत्रे बनावट होती. दरम्यान बाईंची मालमत्ता डॉक्टरच्या हाती जात होती. शवविच्छेदनात विष सापडले नाही. तरीही खटला उभा राहिला, सत्र न्यायालयाने फाशी दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि डिसेंबर १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपील फेटाळले. बहुमताचा निकाल न्या. हिदायतुल्ला यांनी लिहिला, न्या. सरकार यांनी भिन्न मत दिले. विष सापडले नाही तरी परिस्थितिजन्य पुराव्यावरून विषप्रयोग सिद्ध होऊ शकतो, यासाठी हा निकाल आजही वकील वाचतात.

आमच्या वकीलसाहेबांनी तो निकाल आम्हाला लोकलमध्ये, तळेगाव ते कामशेत सांगितला. मी त्यानंतर कित्येक दिवस त्या पत्रांचा विचार करत होतो. मेलेल्या बाईच्या नावाने कुणी तरी प्रवासवर्णन रचत होता. खोट्या वाटा, खोटे मुक्काम, खोटा आनंद. शरदिंदूंनी प्रवासातल्या पत्राचा उपयोग मित्राला सत्याजवळ आणण्यासाठी केला. इथे तीच गोष्ट आप्तांना सत्यापासून लांब ठेवण्यासाठी वापरली गेली. लक्ष्मीबाई सोबत आहे या भरवशावर गाडीत चढल्या होत्या. म्हणून आमच्यातला एक अलिखित नियम झाला आहे की ही गोष्ट रचनेच्या गमतीसाठी वापरायची नाही. खुनाची कथा लिहिणाऱ्याने मेलेल्या माणसाची आठवण ठेवावी, एवढे तरी आपण करू शकतो.

असे नियम एकट्याला सुचत नाहीत. लंडनमध्ये १९३० साली अँथनी बर्कलीच्या पुढाकाराने डिटेक्शन क्लब स्थापन झाला. चेस्टरटन पहिले अध्यक्ष. पुढे डोरोथी सेयर्स आणि अगाथा ख्रिस्ती यांनीही ते पद सांभाळले. नव्या सभासदाला शपथ घ्यावी लागे: आपला गुप्तहेर दैवी साक्षात्काराने किंवा निव्वळ योगायोगाने गुन्हा उकलणार नाही, महत्त्वाचा धागा वाचकापासून लपवणार नाही. १९३१ मध्ये या मंडळींनी मिळून ‘द फ्लोटिंग अ‍ॅडमिरल’ लिहिली. प्रत्येकाने एक प्रकरण लिहायचे, आधीच्याचे सगळे धागे पाळायचे आणि आपल्या मनातले उत्तर वेगळे लिहून द्यायचे. स्पेनमधल्या खिखोन शहरात पाको इग्नासियो ताइबो याने १९८८ मध्ये ‘सेमाना नेग्रा’ हा महोत्सव सुरू केला; त्याला लेखक जातात ते माद्रिदहून सुटणाऱ्या ‘काळ्या गाडी’ने. रहस्यकथाकारांनी भरलेली आगगाडी, डब्यात गप्पा, स्थानकावर वाजत-गाजत स्वागत. हे ऐकले की काकांचे डोळे चमकतात.

आपल्याकडे असे काही झाले नाही, याचे मला वाईट वाटते. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. गुरुनाथ नाईकांनीही हजाराचा आकडा ओलांडला. शिरवळकरांनी दारा बुलंद, फिरोज इराणी, बॅरिस्टर अमर विश्वास उभे केले. धारपांनी पुण्यात बसून भयाचे अख्खे दालन उघडले. भा. रा. भागवतांच्या फुरसुंगीच्या बन्याने पिढ्यान्‌पिढ्या मुलांना सायकलवर बसवून रहस्याच्या मागे धाडले. फिरत्या वाचनालयांत ही पुस्तके हाताळून हाताळून फाटायची. पण साहित्याच्या मांडवात त्यांना मागची खुर्चीही मिळाली नाही. त्यांना खऱ्या अर्थाने जागा दिली ती दिवाळी अंकांनी: अनंत अंतरकरांच्या ‘नवल’ने, ‘धनंजय’ने. तिथे ते एकमेकांच्या शेजारी छापले गेले. लेख शेजारी आले, माणसे शेजारी बसली असती तर काय काय निघाले असते! शिरवळकरांची सर्वांत लोकप्रिय कादंबरी कोणती, तर ‘दुनियादारी’. खून नाही, गुप्तहेर नाही, फक्त कट्ट्यावरचे मित्र. रहस्यकथाकाराला मैत्रीची भूक किती असते हे मला त्या पुस्तकातून कळते.

म्हणून आम्ही यंदा एक सामायिक कादंबरी हाती घेतली आहे. बीज वकीलसाहेबांचे. १८५६ मध्ये मुंबईहून रूळ खोपोलीपर्यंत आले आणि १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली, पण मधला बोरघाट तयार व्हायला १८६३ उजाडले. ती पाच वर्षे प्रवासी खोपोलीला गाडीतून उतरत, पालखीने नाही तर तट्टावर बसून घाट चढत आणि वर खंडाळ्याला दुसऱ्या गाडीत बसत. दोन गाड्यांच्या मध्ये एक आख्खा घाट: धुके, भोई, रात्र आणि हजारो मजूर जिथे बोगदे फोडत आहेत असा डोंगर. गिरगावकरांचे म्हणणे, गायब होणारा माणूस मुंबईचा व्यापारी असावा. परिचारिका ताईंना तो पुण्याहून उलट निघालेला वैद्य हवा आहे, म्हणजे त्याच्या पेटीत काय होते हा प्रश्न उरतो. काकांनी त्या काळच्या गाड्यांच्या वेळा जुन्या कागदपत्रांतून काढायचे काम अंगावर घेतले आहे आणि त्या मिळेपर्यंत कुणीही घड्याळाचा उल्लेख करायचा नाही अशी ताकीद दिली आहे. करुंजच्या मामांना विचारून घाटातल्या वाटांचा पावसाळी अंदाज घ्यायचाय. प्रत्येकाने आपले उत्तर बंद पाकिटात वकीलसाहेबांकडे द्यायचे, आणि त्यांचे स्वतःचे पाकीट माझ्याकडे.

पहिले प्रकरण लिहून झाले आहे. खोपोलीला सतरा उतारू उतरले, खंडाळ्याला सोळा चढले, आणि सतराव्याचे सामान मात्र सोळांच्या सामानात बिनचूक पोचले. दुसरे प्रकरण ताईंकडे आहे.